दिवेघाटाची एकादशी

ज्येष्ठ वद्य एकादशीच्या पहाटे पुण्याच्या भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळातून ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका निघतात आणि त्याच दिवशी, दिवस मावळण्याच्या सुमारास, दिवेघाट चढून सासवडास पोहोचतात. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे 250 किलोमीटरांच्या वाटेतील हा टप्पा सर्वांत लांब, 30 किलोमीटरांहून अधिक, आणि त्यातच घाटाची चढण. शिवाय पंचांगाची योजना अशी, की ज्या दिवशी पायांवर सर्वांत मोठा भार त्याच दिवशी पोटाला उपवास. माझी सारी हयात सरकारी कचेरीत, अर्ज, तगादे, स्मरणपत्रे आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ अशा शेऱ्यांच्या सहवासात गेली असल्यामुळे, वारीसंबंधी जे नेहमी लिहिले जाते त्याहून एका निराळ्याच गोष्टीचे कुतूहल मला पुष्कळ दिवस होते: लाखो माणसे, कोणाचाही लेखी हुकूम हाती नसताना, एका वेळी उठतात कशी, एका क्रमाने चालतात कशी आणि रात्री आपापल्या ठिकाणी निजतात कशी? भक्तीचे गुणगान करणारे उदंड आहेत. बंदोबस्ताचे कौतुक कोणी करीत नाही.

रथामागून चालणाऱ्या एका दिंडीत एका स्नेह्याच्या शब्दावर माझी सोय झाली. दिंडीचा उतारा पेठेतल्या एका शाळेत होता. भिशीचे पैसे भरून नाव वहीत चढले, गळ्यात तुळशीची माळ नसल्याची नोंद दिंडीच्या कारभाऱ्यांनी नुसत्या नजरेने घेतली आणि ‘माउली, तुम्ही मागल्या ओळीत’ एवढ्या चार शब्दांत माझी नेमणूक झाली. कचेरीत ह्याच कामाला तीन सह्या लागल्या असत्या. पहाटे तीनच्या आधीच नळाशी माणसे दिसू लागली, आणि जे दृश्य एरवी तंटे-बखेड्याचे व्हावयाचे ते कमालीच्या शांततेने पार पडले. ज्याची आंघोळ झाली तो बादली पालथी न घालता भरून ठेवी आणि बाजूला होई.

ह्या सोहळ्याचा दस्तूर असा, की कूच करण्यापूर्वी तीन वेळा कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला बिछाने गुंडाळून सामान गाडीत घालावयाचे, दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभे राहावयाचे, आणि तिसऱ्याला पालखी हलते. ही रीत ऐकताच कोणाच्याही मनात फौजेची आठवण यावी, आणि ती खोटी नव्हे. ही घडी बसविणारे हैबतबाबा आरफळकर हे सातारा प्रांतातील आरफळ गावचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. उत्तरेतून गावाकडे परतताना सातपुड्याच्या रानात त्यांना भिल्लांनी अडवून कोंडले, कोंडीत त्यांनी हरिपाठ चालविला आणि सुटका झाल्यावर घरी न जाता ते आळंदीस ज्ञानेश्वरांच्या पायाशी येऊन राहिले, अशी कथा सांप्रदायिक सांगतात. तुकोबांचे पुत्र नारायणबुवा यांनी 1685 साली देहूहून पालखीची चाल सुरू केली, तेव्हा दोघा संतांच्या पादुका एकाच पालखीत असत. ज्ञानेश्वरांच्या पादुकांचा स्वतंत्र सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला तो हैबतबाबांनी. वासकरांसारखे फडकरी त्यांच्या साह्यास उभे राहिले, बेळगाव प्रांतातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, आणि तो मान त्या घराण्याकडे अद्याप चालत आहे. दर वर्षी अश्व अंकलीहून आळंदीस पायीच येतात. सरदारी सोडलेल्या ह्या माणसाने तलवार ठेविली, पण छावणी उठविण्याची आणि बसविण्याची विद्या मात्र ठेविली नाही, हे आपले भाग्य. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे बाकीच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, आणि सर्वांच्या अग्रभागी दोन अश्व, एकावर जरीपटका घेतलेला स्वार व दुसरा रिकामा, कारण त्यावर माउली आहेत. ही मांडणी कागदावर काढली तर एखाद्या मोहिमेचा जाबता म्हणून खपून जाईल.

योगायोग असा, की पुणे सोडताना पालखीचा पहिला विसावा वानवडीच्या शिंदे छत्रीपाशी होतो. 1794 च्या फेब्रुवारीत जेथे महादजी शिंद्यांचा अंत झाला, त्या परिसरातली ही वास्तू. ज्या दौलतीची चाकरी हैबतबाबांनी सोडली त्या दौलतीच्या कर्त्या पुरुषाच्या छत्रीसमोर त्यांनीच उभा केलेला सोहळा दर वर्षी क्षणभर थांबतो, ह्यात मला तरी इतिहासाचा काही एक खासा विनोद दिसला. माझ्या शेजारच्या टाळकऱ्याला मी हे सांगितले. त्याने ‘असं व्हय’ म्हणून मान हलवली आणि पायातल्या मोज्याची सुरकुती सरळ केली. त्याचेच बरोबर होते. पुढे अजून पंचवीसेक किलोमीटर चालावयाचे होते.

दिंडीच्या आत शिरल्यावर बाहेरून दिसणारा गोंधळ नाहीसा होतो. पुढे पताकावाले, त्यांच्यामागे चौघाचौघांच्या ओळींनी टाळकरी, मध्ये मृदंग, मग वीणा, आणि मागे डोक्यावर तुळस व पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. वीणेकऱ्याकडे मी बराच वेळ पाहत होतो. पन्नाशीचा, काटक, उन्हाने रापलेला गृहस्थ. वीणेच्या दांड्याला जेथे त्याचा अंगठा टेकत होता तेथला रोगणाचा पट्टा झिजून लाकूड उघडे पडले होते. वीणा भुईवर टेकावयाची नाही असा नेम असल्याने, त्याला पाणी पिण्यास थांबावयाचे झाले की दुसरा येई, आधी वीणेला, मग त्याच्या पायांना हात लावी, आणि ह्याच्या गळ्यातून ती आपल्या गळ्यात घेई. पहिलाही तितकाच वाकून दुसऱ्याच्या पायांना हात लावी. दिवसभरात ही अदलाबदल कितीदा तरी झाली, आणि प्रत्येक वेळी वाकणे पुरते झाले. घाईचा नमस्कार एकदाही दिसला नाही. अभंग कोणता आणि केव्हा, हेही वाऱ्यावर सोडलेले नसते. सकाळी मंगलाचरणाचे अभंग, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, आणि संध्याकाळी हरिपाठ, असा प्रहरांचा क्रम आहे. रोजच्या स्वयंपाकघरात काळोखातही मिठाच्या बरणीवर हात बरोबर पडावा, तसा पुढचा अभंग गाणाऱ्यांच्या तोंडी येतो.

हडपसरच्या गाडीतळापाशी दोन पालख्यांच्या वाटा फुटतात. पुण्यात तुकोबांचा मुक्काम नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी आणि माउलींचा भवानी पेठेत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. परंतु येथून तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जातात आणि माउली उजवीकडे सासवडच्या रस्त्याला लागतात. पुलांच्या खांबांखालून, बँकांच्या आणि मोबाइलच्या दुकानांच्या पाट्यांखालून वळण घेताना आमच्या दिंडीतले कित्येक जण सोलापूर रस्त्याकडे तोंड करून हात जोडीत होते. आता गाठ पडावयाची ती पंढरपूर जवळ आल्यावर, वाखरीच्या परिसरात. बंदोबस्तावरचे पोलीस शिपाई एरवी ज्या आवाजात वाहनवाल्यांशी बोलतात तो आवाज त्या दिवशी कोठे ठेवून आले होते कोण जाणे. ‘माउली, कडेनं चला, माउली’ असे ते म्हणत होते.

उपवासाच्या दिवशी मनुष्य किती खाऊ शकतो ह्याचा साक्षात्कार ज्याला हवा असेल त्याने ह्या रस्त्याने जावे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, केळी, उकडलेली रताळी, ताक. मंडळांचे, व्यापाऱ्यांचे, घरगुती, सर्व प्रकारचे मंडप, आणि ‘घ्याच’ हा एकच आग्रह. पुण्य मिळविण्याची ही घाई मला थोडी उपद्रवकारक वाटली हे लिहिले पाहिजे, कारण देणाऱ्याचे समाधान झाल्यावर मागे जो कागदी ताटल्यांचा आणि सालींचा खच उरतो त्यावरून अनवाणी माणसे चालत असतात. माझ्या पुढे चालणारी परभणीकडची एक आजीबाई मात्र ह्या साऱ्या माऱ्याला पुरून उरली होती. कमरेला पिशवी, पिशवीत सुनेने बांधून दिलेले भगरीचे पीठ.

‘आजी, पेरणी झाली का?’ मी विचारले.

‘कापूस टोबलाय. पाणी पडंल न पडंल, लेक बघायलाय घरी.’ मग माझ्या हातातल्या केळ्यांकडे पाहून म्हणाली, ‘इतकं खाऊन घाट चढता यायचा नाही तुमाला. द्या त्या लेकराला.’

उपवासाचा विषय निघाला म्हणून, आणि पंगतीचाही निघणारच म्हणून, एक गोष्ट येथेच नमूद करितो. इरावती कर्वे ह्यांनी वारीवर जो लेख लिहिला त्यात एकाच दिंडीत एकत्र गाणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी वेगवेगळी बसतात, ह्याचे शल्य त्यांनी स्पष्टपणे मांडले आहे. आणि ज्या देवळाकडे ही वाट जाते त्याचे दार अस्पृश्यांना मोकळे व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. सहा शतकांहून अधिक काळ चोखोबांचे अभंग गाणाऱ्या समाजाला त्यांच्या बांधवांसाठी दार उघडावयास एवढा अवधी लागला. आमच्या दिंडीत मला एकच चूल आणि एकच पंगत दिसली, आणि कोणी कोणाची जात विचारली नाही; परंतु एका दिवसाच्या पाहुण्याला जे दिसते त्यावरून सबंध वारीची कैफियत लिहू नये, एवढे भान कचेरीने मला दिले आहे. शिस्त ही ज्याच्या हाती असते त्याच्या मनासारखी चांगली किंवा वाईट असते; क्रम लावणारा हात पंगतीही लावू शकतो.

फुरसुंगी-उरुळी देवाचीचा पट्टा मी लवकर उरकतो, जसा तो त्या दिवशी सर्वांनीच उरकला. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे ह्या भागात आणून टाकला गेला, आणि वारा उलटा असला की त्याची खबर नाकाला मिळते. वडकी नाल्यावर दुपारचा विसावा. झाडांची सावली थोडी आणि माणसे फार, तेव्हा ट्रकच्या, टँकरच्या, इतकेच नव्हे तर एकमेकांच्या सावलीत माणसे आडवी झाली. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून चर्मकार बांधवांची एक ओळ बसली होती आणि त्यांच्यासमोर चपलांची रास. माझ्या चपलेचा अंगठा निघू पाहत होता. त्या म्हाताऱ्या कारागिराने चप्पल उलटी करून तळ पाहिला, आरीने दोन भोके पाडली, मेणकट दोरा ओढून गाठ आत दाबली, आणि दुसरीही मागितली. ती धड असल्याचे मी सांगितले तेव्हा ‘घाटात निघंल’ म्हणून तिलाही दोन टाके घातले. पैसे पुढे करताच त्याने हात जोडले आणि माझ्यामागच्याची चप्पल उचलली. पलीकडे न्हाव्यांची अशीच सेवा चालू होती, आणि त्याच्याही पलीकडे महाविद्यालयातली मुले अनोळखी म्हाताऱ्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळीत बसली होती.

घाटाच्या पायथ्याशी पहिल्या बाजीरावाने बांधविलेला मस्तानी तलाव आहे. वरून तो फार देखणा दिसतो असे सांगतात, आणि खरोखरच दिसतो, पण घाटात असलेल्या माणसाला तलाव पाहण्याची मोकळीक थोडी. वर्तमानपत्रांतून दर वर्षी छापून येणारे दिवेघाटाचे जे चित्र आपण पाहतो, वळणावळणांनी चढत जाणारा भगव्या पताकांचा आणि पांढऱ्या टोप्यांचा प्रवाह, ते कड्यावर बसलेल्याचे चित्र आहे. प्रवाहाच्या आत असलेल्याला पुढच्याची घामाने भिजलेली पाठ, डांबराची धग आणि कानाशी टाळांचा खणखणाट एवढेच कळते. कॅमेरे घेऊन टेकडीवर चढलेल्या मंडळींविषयी माझ्या मनात राग नाही. परंतु त्यांना दिसत असलेली शोभा ज्यांच्या पायांनी उभी केली आहे त्यांच्यापैकी कोणालाही ती दिसत नाही, हा विचार मला पहिल्या वळणापासून शेवटच्यापर्यंत पुरला.

रथ मात्र मी जवळून पाहिला. चांदीने मढविलेला तो अवजड रथ एका जोडीने वर जाणे शक्य नसते, म्हणून घाटापुरत्या आणखी बैलजोड्या पुढे जुंपतात, आणि आपली जोडी जुंपली जावी हा शेतकऱ्यांत मानाचा विषय आहे. पुढच्या जोडीतल्या एका बैलाच्या वशिंडावर गुलाल आणि घाम एक होऊन लाल चिखल झाला होता. गाडीवान आसूड उगारीत नव्हता. तो बैलाच्या कानाशी काही बोलत मागे मागे पावले टाकीत चढत होता, आणि दोन माणसे दगडी गुटके घेऊन चाकांच्या बाजूने चालत होती, रथ क्षणभर थांबला की चाकामागे टाकावयास. चढ वाढला तशी टाळांची लय वाढली. मला वाटले होते की दमछाक झाली की गाणे मंदावेल. घडले उलटेच, आणि थोड्याच वेळात ध्यानात आले, की लय हीच येथे दोरी आहे. पाऊल तिच्यावर पडले की उरलेल्या चढणीचा हिशेब मन करीत नाही. आजीबाई माझ्यापुढे वीसेक पावलांवर होत्या आणि शेवटपर्यंत तेवढ्याच राहिल्या.

घाटमाथ्यावर झेंडेवाडीचा विसावा. वाऱ्याचा पहिला झोत लागताच मागून कोणीतरी मोठ्याने ‘माउली’ म्हणून हाक दिली ती देवाला होती की वाऱ्याला, हे सांगवत नाही. येथून कऱ्हेचे पठार सुरू होते. डावीकडे सोनोरीचा मल्हारगड, पेशव्यांच्या तोफखान्यावरील पानशांनी 1757 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधलेला, मराठ्यांच्या किल्ल्यांतला अगदी उशिराचा. आणि समोर, सासवडपलीकडे, पुरंदर आणि वज्रगड ढगांत निम्मे बुडालेले. अंजिरांच्या आणि सीताफळांच्या बागा रस्त्याला लागल्या. एक हलकी सर येऊन गेली, आणि रेनकोट काढण्याऐवजी माझ्या आजूबाजूच्यांनी टोप्या काढल्या. पुण्याची पुष्कळ मंडळी येथून माघारी फिरते. घाट झाला म्हणजे वारी झाली, अशी एक नवी वहिवाट आता पडू लागली आहे.

त्यांचे काय हुकते ते सासवडच्या तळावर कळते. समाजआरती हा हैबतबाबांच्या रचनेचा गाभा आहे असे माझे मत आहे, आणि दिवसभर ज्या प्रश्नाचे उत्तर मी शोधीत होतो ते मला तेथे मिळाले. पालखी तळावर आली, दिंड्या तिच्या भोवती गोल उभ्या राहिल्या, हजारो टाळ एका वेळी वाजत होते. इतका आवाज, की शेजाऱ्याचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागे. चोपदाराने हातातला दंड वर उचलला. आवाज तत्क्षणी थांबला. ध्वनिक्षेपकावरची विनवणी नाही, शिट्टी नाही, काठी नाही. एक दंड वर गेला आणि तळ शांत झाला.

अपवाद एका कोपऱ्याचा. तेथे एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला प्रथम तो उद्धटपणा वाटला, परंतु शेजारच्याने सांगितले, की ही फिर्याद आहे. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे असेल तिने सर्व थांबले तरी आपले टाळ थांबवावयाचे नाहीत. मग चोपदाराने तिच्याकडे जावयाचे, काय झाले ते ऐकून घ्यावयाचे, आणि तिचे समाधान होईपर्यंत आरती होत नाही. चोपदार गेले. दिंडीच्या पुढाऱ्यांनी हातवारे करून काही सांगितले. नेमून दिलेल्या जागेवर दुसऱ्या कोणाची राहुटी पडली, असे नंतर कानावर आले. चोपदार परत येऊन सोहळ्याच्या मानकऱ्यांशी बोलले, पुन्हा गेले, आणि टाळ थांबले. सारे मिळून दहा मिनिटे लागली नसतील. अर्ज नाही, आवक क्रमांक नाही, ‘आपले गाऱ्हाणे विचाराधीन आहे’ असे उत्तर नाही. गाऱ्हाणे ऐकले जाईपर्यंत सर्वांना, प्रत्यक्ष माउलींनाही, थांबावे लागते, इतकेच. चाळीस वर्षे ज्या कारभारात मी काढली त्याला ही युक्ती कोणी शिकविली असती तर कित्येक फायलींचा जन्मच झाला नसता. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या, एक चष्मा, एक पितळी तांब्या, एका पाकिटातले पैसे रकमेसकट, आणि आपली दिंडी विसरलेला एक म्हातारा. त्यानंतर पुढील मुक्कामाची सूचना, आणि त्यानंतर आरती.

घाट चढून माघारी फिरणाऱ्या पुणेकरांना माझे एवढेच सांगणे आहे, की रात्रीची बस सोडा आणि समाजआरती झाल्याशिवाय सासवड सोडू नका. दुसऱ्या दिवशी द्वादशीला पालखी सासवडासच असते; त्या दिवशी एकादशीचे पारणे होते, सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन निवांत घडते, आणि धाकट्या भावाची म्हणजे सोपानकाकांचीच पालखी तेथून आपल्या वेगळ्या वाटेने पंढरपूरला निघते. माउली जेजुरीकडे निघतात त्या तिसऱ्या दिवशी सकाळी.